खाणाऱ्याचे देणे

शाळेतल्या शास्त्राच्या पुस्तकात सजीवांची एक सोपी वाटणी दिलेली असते. जे आपले अन्न स्वतः तयार करतात ते उत्पादक, जे दुसऱ्याने तयार केलेले खातात ते भक्षक आणि जे मेलेल्याचे, सडलेल्याचे पुन्हा मातीत रूपांतर करतात ते विघटक. मुले हे पाठ करतात. परीक्षेत गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी साखळी काढतात आणि बाणांची टोके बरोबर दिशेला आली की पूर्ण गुण मिळवतात. आम्ही शिक्षक मंडळी दरवर्षी हा धडा शिकवतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. परंतु या धड्याच्या पोटात एक असा प्रश्न आहे की जो शास्त्राच्या तासाला सुटत नाही आणि दीनियातच्या तासाला कुणी विचारत नाही. जो खातो, त्याच्यावर काही देणे लागते काय? लागत असेल तर ते कोणाचे आणि किती?

हा प्रश्न आम्हांला प्रथम शब्दांनी सुचवला. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत अन्नसाखळीला 'गिजाई जंजीर' म्हणतात आणि भक्षकाला 'सारिफ'. मराठी शब्द 'भक्षक' खाण्याच्या क्रियेवर बोट ठेवतो. त्याला दातांचा आवाज आहे. 'सारिफ' हा शब्द 'सर्फ' म्हणजे खर्च यावरून आला. त्या अर्थाने सारिफ म्हणजे खर्च करणारा. वाघ हरणाला खर्च करतो, हरीण गवताला खर्च करते आणि आपण सगळ्यांनाच खर्च करतो. खर्च म्हटला की हिशोब आला आणि हिशोब म्हटला की तो घेणाराही कुणीतरी आला. मुलांना हा शब्द फळ्यावर लिहून दाखवताना आम्ही आणखी एक गोष्ट सांगतो. उधळपट्टीसाठी आपण 'इस्राफ' म्हणतो, तो कानाला याच कुळातला वाटतो. पण 'सारिफ' स्वादने लिहितात आणि 'इस्राफ' सीनने. मुळे वेगवेगळी आहेत. खर्च करणारा प्रत्येक जण उधळ्या नसतो, एवढा दिलासा या दोन अक्षरांमधून मिळतो. पण कान फसावा इतके ते दोन शब्द एकमेकांजवळ आहेत, हेही लक्षात ठेवावे लागते.

आता उत्पादकाकडे पाहू. व्यवहारात आपण उत्पादक कोणाला म्हणतो? साखर कारखान्याला, दूध संघाला, फार तर शेतकऱ्याला. शास्त्र मात्र या सगळ्यांना एका रांगेत उभे करून भक्षक ठरवते. शेतकरी नांगरतो, पेरतो, राखण करतो, त्याच्या घामाची किंमत कमी नाही. तरीही ज्वारीच्या दाण्यातला पिठूळ भाग त्याने तयार केलेला नसतो. तो ज्वारीच्या पानाने तयार केलेला असतो. पृथ्वीवरची सगळी विद्यापीठे, सगळे कारखाने आणि सगळी राज्ये मिळूनही जे काम अजून शेताच्या प्रमाणावर करून दाखवू शकलेली नाहीत, ते बांधावरची हरळी रोज सकाळी उन्हात उभी राहून करते.

हे काम कसे चालते, हे माणसाला फार उशिरा कळले. झाड माती खाऊन वाढते, अशी शतकानुशतके समजूत होती. आजच्या बेल्जियममधील यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट या विद्वानाने एका कुंडीत २०० पौंड कोरडी माती घालून तिच्यात ५ पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला नुसते पाणी घातले. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड, आणि माती कमी झाली ती जेमतेम दोन औंस. झाडाने माती खाल्ली नव्हती. झाड पाण्यापासून झाले असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच खरा होता. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस यांनी दाखवले की झाडाचा हिरवा भाग हवेवर आपले काम उजेडातच करतो. पुढे हळूहळू चित्र पूर्ण झाले. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, मुळांकडून आलेले पाणी घेते, सूर्याच्या उजेडाच्या बळावर त्यांची साखर बनवते आणि प्राणवायू बाहेर सोडते. मातीतून क्षार लागतात, पण अगदी थोडे. मराठीत याला प्रकाशसंश्लेषण म्हणतात, उर्दूत 'जियाई तालीफ'. जिया म्हणजे उजेड आणि तालीफ म्हणजे जुळवणी.

यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की अन्न मिळवण्याची ही तऱ्हा कुणाचा जीव घेत नाही. झाडे उजेडासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात, एकमेकांना सावलीत दडपतात, हे खरे. पण त्यांचे अन्न दुसऱ्याच्या देहातून येत नाही. समुद्रातही हेच काम डोळ्यांना न दिसणारे वनस्पतिप्लवक करतात, आणि पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे काम त्यांचेच आहे. १९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ समुद्राच्या तळाशी, जिथे सूर्याचा किरणही पोचत नाही तिथे, उष्ण झऱ्यांभोवती जिवांची वस्ती सापडली. तिथे हायड्रोजन सल्फाइडसारख्या आपल्याला विषारी असलेल्या पदार्थांपासून शक्ती घेऊन जिवाणू अन्न तयार करतात. म्हणजे उत्पादकांची ही जमात काळोखातही आहे. पण कुठेही गेलो तरी नियम तोच: थोडे जण तयार करतात आणि बाकी सगळे त्यांच्यावर जगतात. आपण त्या बाकीच्यांमध्ये आहोत.

मग प्रश्न येतो, ही व्यवस्था जुलमाची आहे काय? एकाने दुसऱ्याला खावे, दुसऱ्याने तिसऱ्याला खावे, हे पाहून संवेदनशील माणूस अस्वस्थ होतो. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिजने आपल्या 'किताबुल हयवान' या ग्रंथात हे पाहिले आणि लिहून ठेवले. लहान जीव आपल्याहून लहानाला खातो, मोठा त्याला खातो, आणि मोठ्यालाही कुणी खाणारा असतो. या विद्वानाने त्यात निर्मात्याचे शहाणपण पाहिले. युरोपात चार्ल्स एल्टन यांनी १९२७ मध्ये अन्नसाखळीची शास्त्रीय मांडणी केली आणि १९३५ मध्ये आर्थर टॅन्सली यांनी परिसंस्था ही कल्पना मांडली. त्यांनी जुलूम की शहाणपण हा प्रश्न बाजूला ठेवला, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच होते. साप बेडकाला गिळतो तेव्हा तो गुन्हा करीत नाही, कारण त्याच्यापुढे दुसरा रस्ता नाही. जुलूम हा शब्द तिथेच लागू होतो जिथे निवड करण्याची मोकळीक असते. सर्व भक्षकांमध्ये ही मोकळीक पुरेपूर मिळाली ती फक्त माणसाला. काय खावे, किती खावे, कुठून आणावे आणि कुणाच्या वाट्याचे आणावे, हे तो ठरवू शकतो. म्हणून देण्याचा प्रश्न त्याच्यापुरताच आहे.

या देण्याचे माप घेण्यासाठी एका तरुण शास्त्रज्ञाची आठवण करावी लागेल. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या सीडर बॉग नावाच्या एका लहानशा तळ्याचा रेमंड लिंडमन यांनी काही वर्षे अभ्यास केला. तळ्यातल्या वनस्पतींनी सूर्यापासून किती शक्ती घेतली, ती खाणाऱ्यांपर्यंत किती पोचली आणि त्यांना खाणाऱ्यांपर्यंत किती, याचा त्यांनी हिशोब मांडला. त्यांचा निबंध आधी परत आला होता. तो १९४२ मध्ये छापला गेला तेव्हा लिंडमन या जगात नव्हते; त्याच वर्षी, वयाची २७ वर्षे पुरी होण्याआधीच त्यांचे निधन झाले होते. त्यांच्या कामातून पुढे जो ढोबळ नियम रूढ झाला तो आज शाळेतल्या पुस्तकात आहे: एका पायरीवरची साधारण दहा टक्केच शक्ती वरच्या पायरीवर पोचते. प्रत्यक्षात हा आकडा कुठे पाच तर कुठे वीसही असतो. बाकीची शक्ती खाणाऱ्याच्या धावपळीत, श्वासात आणि अंगाच्या उबेत खर्च होते, काही भाग न खाल्लेला राहतो, काही शेणातून बाहेर पडतो.

कोकणातल्या वाचकाला हे मासळीबाजारात उभे राहून कळेल. तारली समुद्रातल्या प्लवकांवर जगते. सुरमई तारलीसारख्या लहान माशांवर जगते. ढोबळ नियमाने एक किलो सुरमईमागे दहा किलो लहान मासळी आणि तिच्यामागे शंभर किलो प्लवक असा तो हिशोब जातो. सुरमई महाग का आणि तारली स्वस्त का, याची बाजाराने सांगितलेली कारणे अनेक असतील, पण समुद्राने सांगितलेले एक कारण हे आहे. वरच्या पायरीवर जागा थोडीच असते. जंगलात हरणे शेकड्यांनी असतात आणि वाघ एखादाच असतो, तो याच कारणाने. वाघांची संख्या हरणांइतकी झाली तर आधी हरणे संपतील आणि मग वाघ. माणसाने मात्र वरच्या पायरीवर कोट्यवधींची गर्दी केली आहे. आपल्या दर्यावर पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लावण्याची जुनी रीत होती. दालदी असो वा कोळी, ती सगळे पाळत. कायद्याने मासेमारीबंदी आली ती नंतर. खवळलेल्या दर्याची भीती हे त्या रीतीचे कारण असेलच, पण पुष्कळशा मासळीला वीण घालायला उसंत मिळे ती याच दिवसांत. खाणाऱ्याने वर्षातून काही दिवस हात आवरावा, एवढे शहाणपण त्यात होते.

दहा टक्क्यांचा हा नियम एकदा आठवीच्या वर्गात सांगत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला: "सर, फिर गोश्त खाना मतलब नव्वद टक्का फुकट गया ना?" वर्ग हसला. आम्ही उत्तर देण्याआधीच पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, बकरी घास खाती है, झाडी खाती है. वो तो हम खाच नहीं सकते. फिर फुकट कैसे गया?" या दोन मुलांनी दोन वाक्यांत जो वाद उभा केला, तो मोठ्या माणसांच्या लेखांमधून आम्ही इतक्या नेमकेपणाने मांडलेला पाहिलेला नाही.

महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाल्यापासून ताटातल्या पदार्थावर बोलणे अवघड झाले आहे. कोण काय खातो यावरून तो कोण आहे, हे ठरवले जाते. एका बाजूने मांसाहारावर बोट ठेवले की ते आपल्यावरच ठेवले आहे असे आपल्याला वाटते आणि पुष्कळदा ते तसे असतेही. मग आपण 'हलाल आहे, विषय संपला' असे म्हणून दार लावून घेतो. या ओढाताणीत मूळ नैतिक प्रश्न उपाशीच राहतो. म्हणून तो इथे, आपल्या माणसांमध्ये, शांतपणे विचारायला हवा.

त्या मुलीचे म्हणणे खरे आहे. माणसाच्या पोटाला गवत पचत नाही. मराठवाड्याच्या कोरड्या माळावर जिथे धान्य पिकत नाही तिथे बोर, बाभूळ, काटेरी झुडपे खाऊन शेळी जगते आणि जे आपल्या कामाचे नव्हते त्याचे दूध आणि गोश्त करून देते. गरिबाच्या घरची ती बँक असते. अशा शेळीचे गोश्त म्हणजे नव्वद टक्क्यांची नासाडी, असे म्हणणे शास्त्राचे नाव घेऊन अर्धेच बोलणे होय. पण त्या मुलाचा प्रश्नही खोटा नाही. ब्रॉयलर कोंबडीला जे खाद्य घालतात त्यात मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड असते. एक किलो वजन वाढायला दीड ते दोन किलो खाद्य लागते. तो मका ज्या रानात पिकला तिथे माणसाचे धान्यही पिकले असते. किनाऱ्यावरच्या तारलीचा मोठा हिस्सा आज भुकटीच्या कारखान्यांत जातो आणि कोळंबीचे, कोंबडीचे खाद्य होऊन परत येतो. गरिबाच्या कालवणातला मासा अशा रीतीने श्रीमंताच्या ताटात चढतो. माळावरही शेळ्या जास्त झाल्या की नवे रोप टिकत नाही. म्हणून गोश्त की भाजी हा प्रश्न अपुरा आहे. हे ताट कुठून आले आणि कुणाच्या वाट्यातून आले, हा प्रश्न दोघांनाही लागू आहे. दूरच्या विहिरी कोरड्या पाडून पिकवलेल्या उसाच्या साखरेलाही तो लागू आहे. हलाल असणे ही खाण्याची पहिली अट आहे. जे हलाल आहे ते पाक आणि चांगलेही असावे, ही जोड आपल्या दीनने दिलेली आहे. ती जोड आपण फक्त स्वच्छतेपुरती मानली तर तिचा निम्मा अर्थ सुटतो.

आता तिसऱ्या गटाकडे, विघटकांकडे येऊ. पुस्तकात त्यांना दोन ओळी मिळतात. पण ते नसतील तर उत्पादकही फार काळ टिकणार नाहीत. झाडाला माती थोडी लागते, पण जी लागते ती परत यावी लागते. बुरशी, जिवाणू, गांडूळ, शेणकिडे हे पडलेले पान, मेलेले ढोर, शेण आणि हाडे फोडून त्यातले क्षार मातीला परत करतात. सूर्याची शक्ती एका दिशेने वाहते आणि उष्णता होऊन निघून जाते. क्षार मात्र गोल फिरतात. तो फेरा पुरा करणारे हेच.

या कामात त्यांच्या आधी हात लावणारे काही मोठे सफाईवालेही आहेत. त्यांपैकी गिधाडाची गोष्ट आपल्या देशात, आपल्या डोळ्यांदेखत घडली. एके काळी भारतात गिधाडे कोट्यवधी होती. गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या बैलाचा थवा मिळून तासाभरात सांगाडा करीत. १९९० नंतरच्या दशकात ती भराभर नाहीशी होऊ लागली. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवली. कारण सापडले २००४ साली. जनावरांना वेदना कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करीत होते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. उघड्यावर राहिलेली ढोरे कुत्री आणि उंदीर खाऊ लागले, पाण्यात घाण गेली, रोगराईला वाट मिळाली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा की, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली. रायगड जिल्ह्यातल्या म्हसळा तालुक्यात चिरगावला गावकऱ्यांनी गिधाडे जपली, म्हणून त्या गावाचे नाव आज घेतले जाते. पूर्वी असे नाव घेण्याची गरजच नव्हती.

या घटनेत खलनायक शोधायला गेलो तर कुणी सापडत नाही. शेतकऱ्याने लंगडणाऱ्या बैलाची कीव येऊन औषध दिले. औषधविक्याने स्वस्तात वेदना थांबवणारी वस्तू विकली. कुणाचाही गिधाडाला मारण्याचा हेतू नव्हता. मग नैतिक जबाबदारी कुणाची? आम्हांला वाटते, माहिती नसताना घडले त्याचा गुन्हा नाही. पण माहिती झाल्यावर घड्याळ सुरू होते. कारण २००४ साली कळले. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली, हे वेळेवर झाले. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जातच राहिल्या, आणि त्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरवर आणायला २०१५ साल उजाडले. गिधाडांना घातक अशा आणखी दोन औषधांवर, असेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनवर, २०२३ साली बंदी आली. मेलॉक्सिकॅमसारखे निर्धोक औषध उपलब्ध असताना मध्ये गेलेली ही वर्षे कळून केलेल्या दिरंगाईची आहेत. हिशोब मागायचा तर या वर्षांचा मागावा लागेल.

विघटकांची गोष्ट इथेच संपत नाही, कारण माणसांच्या समाजातही हे काम कुणीतरी करतेच. निसर्गात जो मेलेले उचलतो त्याच्यावाचून कुणाचे चालत नाही आणि समाजात जो मेलेले उचलतो त्याला सर्वांत खाली बसवले जाते. मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले होते त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत ते सोडून देण्याचे आवाहन केले. घाण तुम्ही करावी, फेरा आम्ही पुरा करावा आणि वर अपमानही आम्हीच सोसावा, ही व्यवस्था त्यांनी नाकारली. आपण मुसलमान बरोबरीची भाषा बोलतो. मशिदीत एका सफेत उभे राहतो, आणि ही लहान गोष्ट नाही. तरीही सफाई करणाऱ्या आपल्याच भावांना 'हलालखोर' म्हणताना आपल्या आवाजात काय असते, हे ज्याने त्याने ऐकावे. त्या शब्दाचा अर्थ हलाल खाणारा. मुंबईत एके काळी याच नावाने सफाईचा कर घेतला जाई. ज्याच्या कमाईबद्दल नावातच ग्वाही दिलेली आहे, त्याच्या घरी सोयरीक करायला आपण का कचरतो? हाताने मैला उचलण्याचे काम करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई केली आहे आणि तरी गटारात गुदमरून माणसे मरतात. आपण जे खातो त्याचे शेवटचे टोक त्या गटारात आहे. म्हणजे हा आपल्याच अन्नसाखळीतला मृत्यू आहे.

आता कुणी म्हणेल, प्रत्येक जिवाचा रिज्क अल्लाहने आपल्या जिम्म्यावर घेतला आहे. मग माणसाने इतकी चिंता कशाला करावी? आमची श्रद्धाही तीच आहे. पण रिज्क पोचतो तो कुठल्या तरी वाटेने. गिधाडाचा रिज्क मेलेल्या बैलाच्या वाटेने येत होता, त्या वाटेत विष आले. हदीसमध्ये एका बाईचा किस्सा आहे, तो आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेला असतो. तिने मांजर कोंडून ठेवले आणि ते भुकेने मेले, म्हणून ती अजाबात गेली. आपण हा किस्सा मुक्या जनावरावर दया करा एवढ्यासाठी सांगतो. पण त्यातला दोष नीट पाहिला तर तो दुहेरी आहे. तिने मांजराला स्वतः खायला दिले नाही, आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळेही सोडले नाही. म्हणजे मांजराला आपले अन्न आपण शोधण्याचा हक्क होता, आणि तो अडवणे हा वेगळा गुन्हा मानला गेला.

आमच्या मते खाणाऱ्याच्या देण्याचे उत्तर इथे सापडते. देणे दोन प्रकारचे आहे. एक, जवळचे आहे त्यातून द्यावे. दोन, दुसऱ्याची अन्नाची वाट अडवू नये. पहिले देणे आपला समाज जाणतो. जकात आहे, फित्रा आहे, कुर्बानीचे हिस्से आहेत, रमजानमध्ये दारावरून कुणी रिकामा जात नाही. दुसऱ्या देण्याची मात्र आपल्याकडे वहीच नाही. खाडीकाठची तिवरे तोडून, तिथे बांधकामाचा राडारोडा टाकून प्लॉट पाडले जातात. तिवराचे पान चिखलात पडते, बुरशी आणि जिवाणू ते मऊ करतात, त्यावर लहान खेकडे आणि कोळंबी जगतात, त्यांवर निवट्या आणि माशांची पिल्ले वाढतात, आणि ओहोटीला टोपली घेऊन उतरणारी बाई शिंपल्या गोळा करून संध्याकाळची चूल पेटवते. राडारोड्याची एक गाडी ओतली की या सगळ्यांची वाट एकदम बंद होते. तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. पण ज्या प्लॉटवर मांजर कोंडले आहे त्या प्लॉटच्या पैशातून आपण खैरात केली, तर हिशोब कसा लागायचा? उलट दिशेचेही एक उदाहरण हदीसमध्येच आहे: जो झाड लावतो आणि त्यातून माणूस, पाखरू किंवा जनावर खाते, त्याच्यासाठी ते सदका ठरते. लावणाऱ्याने पाखराला हातातून काही दिलेले नसते. त्याने फक्त वाट करून दिलेली असते.

वाट अडवण्याचा आणखी एक प्रकार आपल्या दस्तरख्वानावर घडतो. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे जगात २०२२ साली सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ग्राहकांपर्यंत आलेल्या अन्नापैकी ते १९ टक्के होते. त्यातला मोठा भाग हॉटेलांतून गेला असेल असे वाटते, पण सर्वांत जास्त गेला तो घरांमधून. आपल्या शादीच्या दावतीत बिर्याणीची देगच्या देग उरते, ताटात बोटी टाकून माणसे उठतात, आणि हे यजमानाच्या मोठेपणाचे लक्षण समजले जाते. वर सांगितलेली पायऱ्यांची गोष्ट इथे लावून पाहावी. ताटात टाकलेल्या एका बोटीमागे तिच्या कितीतरी पट चारा, कितीतरी पाणी आणि एक जीव गेलेला असतो. जीव घेताना आपण अल्लाहचे नाव घेतो, म्हणजे हा जीव आपला नव्हता, परवानगीने घेतला, असे कबूल करतो. परवानगीने घेतलेली वस्तू कचऱ्यात टाकली तर परवानगीचा अर्थ काय राहिला? स्वादने लिहिलेला सारिफ सीनच्या इस्राफात बदलतो तो या ठिकाणी.

माणूस उत्पादक होऊ शकत नाही. त्याच्या कातडीत हरितद्रव्य नाही आणि शेवटपर्यंत त्याला कुणाच्या तरी देहावर, पानावर, दाण्यावर जगायचे आहे. याची शरम वाटण्याचे कारण नाही. अशाच रीतीने तो घडवला गेला आहे. मात्र घेणाऱ्याने स्वतःला देणारा समजू नये, आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांची वाट मोकळी ठेवावी, इतके त्याच्याकडून मागता येते. आपल्या रिवाजात मय्यत पेटीशिवाय, नुसत्या कफनात मातीला दिली जाते. आयुष्यभर खर्च केलेले क्षार त्या दिवशी जमिनीला परत मिळतात. ही परतफेड आपण करीत नाही, ती आपल्याकडून करून घेतली जाते. त्याआधीची साठ-सत्तर वर्षे मात्र आपल्या हातात असतात, आणि विचारणा त्यांचीच होणार आहे.